फळी खाली येते आहे, बाजूला व्हा

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. पण रडगाणं गायला मी आलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं, गळक्या माठाचं आत्मवृत्त तुम्ही शाळेच्या वहीत लिहिलं असेल. शेवटी ती सगळी बिचारी हात जोडतात आणि आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. मला जोडायला हात नाहीत, आणि असते तरी मी ते जोडले नसते. मला जे हवं आहे ते मी ठणकावून मागणार आहे. ऐकायचं असेल तर ऐका.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या बहिणी लग्नाची वऱ्हाडं न्यायला गेल्या, काही कंपन्यांच्या पाळ्यांना लागल्या. मला मात्र तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमध्ये आणलं आणि तिथल्या लोकांनी माझं पोटच रिकामं केलं. बाकं उपटली, छप्पर उंच केलं, आत तपासणीचं टेबल आलं, औषधांचं कपाट आलं, रक्ताच्या नळ्या ठेवायला एक छोटा फ्रिज आला. चाकांची खुर्ची घट्ट बांधता यावी म्हणून खाली पट्टे बसवले. मग मागचं दार रुंद केलं आणि त्या दारात ती बसवली. तिच्याचसाठी मी हे सगळं सांगते आहे.

ती म्हणजे माझी लोखंडी लिफ्ट. बटण दाबलं की ती दाराबाहेर उलगडते आणि जमिनीला टेकते. चाकाच्या खुर्चीतलं माणूस तिच्यावर आलं की त्याला खुर्चीसकट वर घेते आणि माझ्या आत आणून सोडते. कुणाच्या गळ्यात हात टाकायला नको, कुणी काखेत धरायला नको, आणि रस्त्यावरच्या लोकांनी 'अरेरे' म्हणायला तर मुळीच नको. एपीएमसी मार्केटमधल्या माथाडी कामगारांनी तिचं नाव ठेवलं फळी. ट्रकमध्ये माल चढवताना ते लाकडाची फळी लावतात, तिच्यावरून. नाव साधंच होतं, पण कामकऱ्यांनी ठेवलेलं होतं. मला ते आवडलं.

जुईनगरच्या सोबती मंडळाची मी गाडी. एक दिवस द्रोणागिरीच्या गोदामांकडे, एक दिवस खाडीकाठच्या गावांत, आणि दर सोमवारी कांदा-बटाटा मार्केटच्या दाराशी. तिथे दवाखाना म्हणून उभं राहायचं आणि ज्यांना रिक्षात बसता येत नाही त्यांना मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि परत आणायचं, ही माझी दोन कामं. डॉक्टर नमिता माणसं तपासायच्या. माझं चाक कमळाकरमामांच्या हाती होतं. मामा खाडीकाठचे. वडिलांच्या मिठागराच्या जागी आता टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या सावलीत गाडी लावताना मामा अजून खाली वाकून माती बघतात.

आणि भाविका. मामांच्याच गावची पोर. रक्त घेण्याचं आणि तपासण्याचं काम तिचं. लहानपणापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे, पण तिच्याकडे बघून कुणी हळहळलं तर त्या दिवशी त्याची खैर नसे. फळीचं बटण एका लांब वायरला होतं. मामा ते हातात घ्यायला गेले की ती म्हणायची, "मामा, तुम्ही गाडी चालवा. ही मी चालवते." मग सकाळी ती फळीवर यायची, बटण दाबायची आणि आपली आपण वर चढायची. माझ्या अख्ख्या दिवसातला तो सगळ्यात तोऱ्याचा क्षण असे.

माझा खरा शत्रू कोण, सांगू? खड्डे मी सोसते, गंजाशी माझं जुनं वैर आहे. पण माझ्या मागे स्कूटर लावून चहाला जाणारा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. फळी उलगडायला मागे मोकळी जागा लागते. ती अडली की मी नुसती रंगवलेली पेटी. मामा भोंगा वाजवत राहायचे, स्कूटरवाला हातात कटिंग घेऊन आरामात यायचा आणि वर म्हणायचा, "काय घाई आहे मामा, एवढं काय टेन्शन?"

आता हौसेरावांची गोष्ट सांगते. हौसेराव साताऱ्याकडचे. मार्केटमधल्या एका माथाडी टोळीचे ते मुकादम होते. जड ओझं उचलायची वेळ आली की टोळीचा मुकादम हाक देतो, "लाव हाऽऽत!" आणि सगळ्यांचे हात एकाच क्षणी लागतात. हौसेरावांची ही हाक म्हणे पार कांद्याच्या शेवटच्या गाळ्यापर्यंत ऐकू जायची. पुढे एकदा ते ट्रकवरून पडले आणि उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. त्यात अंगात साखर. त्यात त्याच पायाच्या तळव्याला खिळा लागला आणि जखम भरेना. पाय वाकत नाही, टेकवायचा नाही, म्हणजे रिक्षा बंद. जुईनगरच्या तळमजल्यावरच्या खोलीत ते दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसून राहायचे आणि पत्नी मुक्ताबाई घरीच मलमपट्टी करायच्या.

त्यांना मार्केटला माझ्याकडे आणायचं, तपासायचं आणि तिथूनच रुग्णालयात न्यायचं, असं ठरलं. टोळीतल्या धनाजीने त्यांची खुर्ची जुईनगरहून ढकलत आणली. धनाजीला हौसेरावांनी हाताला धरून कामाला लावलेलं, त्यामुळे मुकादमावर त्याचा जीव. आणि त्या जिवापायीच त्याने घोटाळा केला.

मार्केटमध्ये एक रीत आहे. नवी फळी आली की तिच्यावर आधी दांडगं वजन टाकतात. तिने ते पेललं, तरच माणूस तिच्यावर पाय ठेवतो. धनाजीने माझी फळी पाहिली, भुवया आक्रसल्या आणि टोळीला म्हणाला, "मुकादमाला हिच्यावर चढवायचं तर आदी हिला जोखाया पायजे. आना रं कांदा!" भाविका आत होती, मामा चहाला गेले होते. ती "अहो थांबा!" म्हणेपर्यंत पोत्यावर पोतं चढलं होतं. एका माणसासाठी घडवलेली माझी फळी, तिच्यावर अर्धा गाळा रचला! आणि धनाजीने बटण दाबलं. फळी वीतभर उचलली गेली, कण्हली, आतलं तेल जमिनीवर सांडलं आणि ती तिरकी होऊन अडकून बसली.

हौसेराव समोर खुर्चीत बसून सगळं बघत होते. ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "बगितलंस न्हवं धन्या? फळी मालासाठी असती. मला घरी सोड." धनाजीचं तोंड उतरलं. त्याने मान खाली घालून खुर्ची परत फिरवली.

दुरुस्ती अवघड नव्हती. पण मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार शेठ आले, त्यांनी फळीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता, पाहुणे येणार होते. शेठ म्हणाले, "बंद पडणारी वस्तू हवीच कशाला? कापून काढा ती आणि मागे मजबूत पायऱ्या बसवा. अहो, आपल्याकडे माथाडी बांधव आहेत. चार जणांनी खुर्ची उचलली की काम झालं! माणूस माणसाला उचलतो आहे, फोटो किती छान येईल!"

बोलणाऱ्याचं काय जातं? शेठ स्वतःच्या पायांनी आले होते आणि स्वतःच्या पायांनी गेले.

वेल्डरला वेळ मिळेपर्यंत मामांनी फळी दोराने बांधून उभी केली आणि बाजूच्या दाराने कारभार सुरू झाला. धनाजीच्या टोळीने मनापासून हमाली केली, हे मी नाकारणार नाही. म्हातारे, बायका, पाय गमावलेले कामगार, सगळ्यांना त्यांनी फुलासारखं उचललं. शेठनी फोटो काढले, लोकांनी वाहवा केली. पण मी आतून त्या माणसांचे चेहरे बघत होते. दारातून आत येताना प्रत्येक जण डोळे मिटून घेई. जुईनगरच्या एक आजी उचलताना सुटलेला पदर सावरायला धडपडत होत्या आणि दोन्ही हात मात्र दुसऱ्यांच्या खांद्यावर होते. उतरताना त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बघते हं." पुढच्या खेपेला त्या आल्या नाहीत. बरेच जण यायचे थांबले. शेठना वाटलं, लोक बरे झाले!

भाविकाला पहिल्या दिवशी चौघांनी उचललं. दुसऱ्या खेपेला तिने आपलं टेबल फुटपाथवर मांडायला लावलं आणि उन्हात बसून रक्त घ्यायला सुरुवात केली. धनाजी म्हणाला, "ताई, उनात कशापायी? आमी हाय की उचलाया." ती म्हणाली, "दादा, तुमचे उपकार आहेत. पण मी इथे कामाला येते. कामाला येणाऱ्या माणसाला रोज कुणी उचलून आणतं का?"

हौसेरावांना न्यायला टोळी दोनदा जुईनगरला गेली. दोन्ही वेळा त्यांनी काठी उगारली. "उभी हयात म्या पाठीवर बाजार व्हायला. आता कुनाच्या पाठीवर चढनार न्हाई. व्हा मागं!" स्ट्रेचर आणतो म्हटलं तर म्हणाले, "आडवा हून जायाला म्या अजून मेलो न्हाई." डॉक्टर नमिता घरी जाऊन आल्या. जखम धुतली, औषधं दिली, पण घरच्या उपचारांनी भागणार नव्हतं.

मग एका सोमवारी मुक्ताबाई एकट्याच आल्या. माझ्या दारापाशी उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "डॉक्टरीनबाई, पायाला वास याय लागलाय. अंगठा काळा पडलाय. आमचं मालक म्हनत्यात, जाऊ दे पाय."

डॉक्टर नमिता म्हणाल्या, "मुक्ताबाई, आज त्यांना रुग्णालयात न्यायलाच हवं. या आठवड्यात नेलं नाही तर नुसता अंगठा नाही, गुडघ्यापासून पाय काढावा लागेल. आणि त्यातही उशीर झाला तर…" धनाजी पाठीवर पोतं घेऊन चालला होता, त्याने ते ऐकलं आणि पोतं तिथेच टाकलं.

नेमका त्याच वेळी शेठचा फोन आला. वेल्डर मोकळा झाला होता, गाडी ताबडतोब तुर्भ्याला आणा. मामा हात पुसत माझ्यात बसले आणि किल्ली फिरवली.

मी चालू झाले नाही.

मामांनी पुन्हा किल्ली फिरवली. मी खोकले सुद्धा नाही. लोक म्हणतात, वायर ढिली झाली असेल. खुशाल म्हणू द्या. माझं अंग आहे, मला ठाऊक आहे. माझी फळी कापून घ्यायला मी माझ्याच चाकांनी चालत जाणार नव्हते.

थोड्या वेळाने शेठ स्वतः मोटारीतून उतरले. मामा म्हणाले, "शेठ, गारी चालू होत नाय. बॅटरी नवीन हाय, डिझेल हाय, मना तं काय कलत नाय." शेठ म्हणाले, "मग वेल्डरला इथे बोलवा. मशीन घेऊन येईल." ते फोन काढतात तोच भाविका टेबल सोडून खुर्ची फिरवत आली आणि माझ्या मागच्या दाराला, बांधून ठेवलेल्या फळीला पाठ लावून थांबली. तिने चाकांचे ब्रेक लावले.

"काका, ही कापायची असेल तर आधी मला इथून हलवावं लागेल."

शेठ हसले. "अगं, असा हट्ट काय करतेस? तुझ्याच सोयीचं बोलतोय. धनाजी, ताईंची खुर्ची जरा बाजूला घ्या रे."

आणि मित्रांनो, मार्केटमध्ये कधी कुणी ऐकलं नसेल असं काहीतरी मी त्या दिवशी ऐकलं. धनाजीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी आमचा हात आजपासनं बंद. माल उचलू, दुप्पट उचलू. मानूस उचलनार न्हाई." तो एक पाऊल पुढे आला. "शेठ, फळी म्या मोडली. माझ्या अडानीपनानं मोडली. माझा मुकादम घरात पाय सडवत बसलाय आन तुमी मला फोटोसाटी हुबा करताय? फळी दुरुस्त करा. न्हाईतर तुमच्या कार्यक्रमाला खुर्च्या तुमी उचला."

त्याच्या मागे टोळी उभी होती. सगळ्यांचे हात पाठीमागे. ज्यांनी जन्मभर कशाला नाही म्हटलं नव्हतं, त्या हातांनी त्या दिवशी नाही म्हटलं. शेठनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर चाकाच्या खुर्च्या स्वतः उचलायच्या या विचारानेच बहुधा त्यांची कंबर धरली. कपाळ पुसत ते म्हणाले, "करा बाबा काय करायचं ते!" आणि मोटारीत जाऊन बसले.

मामांनी फोन केला आणि तुर्भ्याहून सिताराम मिस्त्री आला. त्याने फळी उघडली, आत फाटलेली एक रबरी कडी होती, ती बदलली, तेल भरलं, वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली. इतकंच होतं! एवढ्याशा कडीपायी माझी फळी भंगारात निघाली होती. सिताराम हात पुसून म्हणाला, "मामा, मारा किल्ली." मामांनी किल्ली फिरवली आणि मी पहिल्याच झटक्यात चालू झाले. मामा पुटपुटले, "बग गो भाविका, गारीला बी कलतं." त्यांना उशिरा का होईना, समजलं.

भाविका माझ्यात आपली आपण चढली, डॉक्टर नमिता आणि मुक्ताबाई बसल्या, टोळी मार्केटमधल्या एका टेम्पोत बसली आणि आम्ही जुईनगरला निघालो. गल्लीत नेहमीप्रमाणे स्कूटरची रांग. मामांनी भोंगा वाजवला, पण धनाजीच्या पोरांनी मालकांची वाट पाहिली नाही. स्कूटर म्हणजे मालच की! एकेक उचलून पलीकडे मांडल्या.

हौसेराव दारात खुर्चीत होते. काठी मांडीवर. चेहरा तापलेला, पायाला गुंडाळलेलं फडकं ओलं झालेलं. फळी खाली आली तरी ते हलले नाहीत. "फळीवर माल चढतो," ते म्हणाले. "म्या सांगितलं एकदा." मुक्ताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, संपलं सगळं. माझी फळी दुरुस्त होऊनही हा माणूस हरणार. मला त्यांचा रागच आला.

भाविका फळीवरून खाली आली आणि खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी नेऊन थांबली. दोघांची चाकं एकमेकांना टेकली. "मुकादम, मालाला बटण दाबता येतं का?" तिने विचारलं आणि वायरचं बटण त्यांच्या हातात ठेवलं. "हिरवं दाबलं की वर. सोडलं की थांबते. मी रोज अशीच चढते. मला कुणी चढवत नाही."

हौसेरावांनी बटणाकडे पाहिलं. मग माझ्या फळीकडे. मग स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, ताठ पाय पुढे रोखून, ते फळीवर आले. घामाने निथळत होते. धनाजी आधार द्यायला पुढे झाला आणि तेव्हाच हौसेरावांनी मान उचलून हाक दिली,

"लाव हाऽऽत!"

काय आवाज होता तो! गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. टोळीचे सगळे हात सवयीने एकदम पुढे आले.

"तुमचं न्हवं रं," हौसेराव म्हणाले. "माझा." आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं.

मी त्यांना वर घेतलं. नाही, चुकले. ते वर चढले. मी नुसती फळी झाले.

अंगठा गेला, मित्रांनो. पाय राहिला. महिनाभर रुग्णालयाच्या फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला बटण हौसेरावांच्याच हातात होतं. जुईनगरच्या त्या आजीही परत आल्या. पदर नीट खोचून, फळीवर ताठ बसून, बटण स्वतः दाबून. वर्धापनदिनाला नंदकुमार शेठनी भाषणात सांगितलं की फळी दुरुस्त करायची कल्पना मुळात त्यांचीच. टाळ्याही पडल्या. मी भोंगा वाजवला असता, पण मामांनी किल्ली खिशात ठेवली होती.

आता मी खरंच जुनी झाले आहे. चढावर धाप लागते, पत्रा जागोजागी फुगला आहे. मंडळात नव्या गाडीची बोलणी चालली आहेत. येऊ द्या. मी तिला अडवणार नाही आणि माझ्यासाठी कुणी रडू नका. मला दसऱ्याला हार घालू नका, माझ्यासमोर नारळ फोडू नका, पुसून पुसून माझा फोटो काढू नका. माझं मागणं वेगळं आहे आणि ते मी मागितल्याशिवाय भंगारात जाणार नाही.

नव्या गाडीला फळी लावा. तिचं बटण बसणाऱ्याच्या हातात द्या. ती बिघडली तर दुरुस्त करा, आणि तोवर 'आम्ही उचलतो की' असं गोड बोलून तिचं नाव पुसू नका. आणि तुम्ही, हो तुम्हीच, उद्या मोठे होऊन स्कूटर घ्याल तेव्हा ती माझ्यासारखीच्या मागे लावू नका.

आज सोमवार आहे. मी कांदा-बटाटा मार्केटच्या दाराशी उभी आहे. बरे झालेले हौसेराव हल्ली माझ्या मागची जागा राखत खुर्ची टाकून बसतात. हे काम त्यांनी आपणहून घेतलं आहे, आणि शेठना विचारायलाही ते गेले नाहीत. आत्ताच कुणीतरी माझ्या मागे स्कूटर टेकवून चहाकडे निघाला आहे. हौसेरावांनी काठी उचलली आहे, मान वर केली आहे. ऐका त्यांची हाक, पार शेवटच्या गाळ्यापर्यंत जाते.

"ए, फळी खाली येतीया! बाजूला व्हा!"